खतावणीवाचून कीर्द

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून गोखिवऱ्याच्या पुढे वालीव-सातिवलीच्या बाजूला जाऊ लागले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळ्यांच्या ज्या रांगा लागतात, त्यांतल्याच एका गाळ्यात गेल्या उन्हाळ्यात जे दृश्य मी पाहिले, ते या लेखाचे निमित्त होय. प्लॅस्टिकच्या डब्यांचा माल भरून आणि ताडपत्रीच्या दोऱ्या आवळून एक टेम्पो फाटकाशी उभा होता. घोडबंदरच्या रस्त्यावर संध्याकाळची कोंडी होण्यापूर्वी ठाण्याला पोहोचण्याची चालकाला घाई होती. हमाल घाम पुसत सावलीला बसले होते. आणि आत, काचेच्या पार्टिशनमागे, बिले काढणाऱ्या ताई संगणकाच्या पडद्यावर फिरणाऱ्या चक्राकडे पाहत हातावर हात ठेवून बसल्या होत्या. "ताई, बिल निघालं का?" असे चालकाने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्या मान वर न करताच म्हणाल्या, "पार्टीचं नाव टाकलंय दादा, ते शोधतंय अजून." बिलात सात प्रकारचा माल होता आणि प्रत्येक ओळीपाशी चाळीसेक सेकंद जात होते, म्हणजे एका बिलापायी जवळजवळ पाच मिनिटे, आणि अशी वीस-बावीस बिले त्या दिवशी काढावयाची होती. मालकांनी चारच महिन्यांपूर्वी जुना सर्व्हर काढून दुप्पट क्षमतेचा नवा आणला होता. त्याचे हप्ते अजून चालू होते, आणि त्यांची खंत अशी, की पहिले आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा जैसे थे.

हिशेबाच्या प्रणाली बसविणे आणि त्यांची देखभाल करणे या व्यवसायात माझी बरीच वर्षे या तालुक्यात गेली, आणि त्या अनुभवाच्या आधारे मला एकच गोष्ट वाचकांपुढे, विशेषतः लहान-मध्यम उद्योगांचे मालक, पतसंस्थांचे संचालक आणि त्यांना प्रणाली विकणारे व्यावसायिक यांच्यापुढे, आग्रहाने मांडावयाची आहे. ती अशी, की व्यवसायाच्या डेटाबेसला जी मंदगती येते, तिचे मूळ बहुधा यंत्रात नसून दफ्तराच्या व्यवस्थेत असते. आणि जो दोष दफ्तराचा आहे, तो पैसे देऊन नवे यंत्र आणल्याने काही दिवस झाकला जातो, दूर होत नाही. या दिरंगाईची किंमत मालकाच्या वहीत कोठेही लिहिली जात नाही. ती फाटकाशी उभा असलेला टेम्पोवाला, रांगेतला खातेदार आणि रात्री नऊपर्यंत अडकून पडलेला कारकून हे भरतात, म्हणूनच तिच्याविषयी बोलणे मला अगत्याचे वाटते.

त्या गाळ्यात दोष काय निघाला, ते प्रथम सांगतो. ताईंनी गिऱ्हाइकाच्या नावातली चार अक्षरे टाकली की ती अक्षरे नावात कोठेही, आरंभी, मध्ये वा शेवटी, असलेली सारी बिले प्रणाली धुंडाळीत असे. आणि ती धुंडाळीत असे गिऱ्हाइकांच्या चारशे नावांच्या यादीत नव्हे, तर तेरा वर्षांच्या समस्त बिलांच्या टेबलात, पहिल्या ओळीपासून अखेरच्या ओळीपर्यंत, आणि हे मालाच्या प्रत्येक नगाचा मागील दर शोधण्यासाठी पुनःपुन्हा. बिलांच्या टेबलावर गिऱ्हाइकाच्या क्रमांकाचा इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून लावून ठेवलेली सूची, नव्हताच. नावात मध्येच का शोधावे लागते, असे मी विचारले, तेव्हा ताईंनी जे उत्तर दिले त्यात या विषयाचे निम्मे मर्म आहे. त्या म्हणाल्या, "एकच पार्टी कुणी डिसोझा लिहिलीय, कुणी डिसोजा, कुणी डिसुझा. कुठे आधी मेसर्स आहे, कुठे नाही. आरंभापासून शोधलं तर सापडतच नाही." म्हणजे तेरा वर्षांपूर्वी नाव नोंदविताना जी शिस्त पाळली गेली नाही, तिचा दंड प्रत्येक बिलामागे वसूल होत होता, आणि जसजशी बिले वाढत होती तसतसा तो चढत्या दराने वसूल होत होता. आम्ही दुबार नावे एका खाते क्रमांकाखाली आणली, शोध बिलांऐवजी गिऱ्हाइकांच्या यादीत नावाच्या आरंभापासून लावला, आणि बिलांवर गिऱ्हाइकाचा क्रमांक व तारीख यांचा एक इंडेक्स बांधला. नावांच्या शुद्धीला दोन दिवस लागले. इंडेक्स बांधायला चहा निवेपर्यंतचा वेळही लागला नाही. त्यानंतर कळीवरून बोट उचलले जाईपर्यंत दर पडद्यावर येऊ लागला.

यात नवलाचे काही नाही. ज्या मराठी माणसाने कधी काळी लाल वहीत जमाखर्च लिहिला आहे, त्याला हे तत्त्व उपजतच समजावे. आपल्या हिशेबपद्धतीत व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत लिहिला जातो, तारखेच्या क्रमाने, एकाखाली एक. परंतु अमुक गिऱ्हाइकाचे येणे किती, असा प्रश्न कोणी विचारला तर कोणताही शहाणा मुनीम वर्षाची कीर्द पहिल्या पानापासून चाळीत बसत नाही. तो खतावणी उघडतो. खतावणीत तोच व्यवहार खात्याच्या क्रमाने पुन्हा मांडलेला असतो, आणि कीर्दीच्या एका अरुंद रकान्यात 'खा. पा.' या शीर्षकाखाली खातेपानाचा आकडा लिहून दोन्ही वह्यांचा सांधा जोडलेला असतो. त्याहून पुढे जाऊन तेरीज काढली जाते, म्हणजे प्रत्येक खात्याची केवळ शिल्लक एका कागदावर येते, जेणेकरून एकूण स्थिती पाहण्यासाठी खतावणीही उलटावी लागू नये. कीर्द ही नोंद, खतावणी हा इंडेक्स आणि तेरीज हा आधीच काढून ठेवलेला गोषवारा: आजच्या डेटाबेसचे तीन प्रमुख अवयव हे, आणि तीनही आपल्या पेढ्यांवर मांडी घालून बसणाऱ्या माणसांना ठाऊक होते. महसुलाच्या दफ्तरातही हाच विचार आहे. गाव नमुना सात हा जमिनीच्या भूमापन वा गट क्रमांकाने लावलेला असतो. आणि एका माणसाच्या नावे गावात एकूण किती जमीन आहे, हे सांगण्यासाठी तीच माहिती खातेदाराच्या क्रमाने मांडणारा नमुना आठ-अ वेगळा ठेवला जातो. एकाच वस्तुस्थितीविषयी दोन प्रकारचे प्रश्न विचारले जातात, म्हणून दोन प्रकारांनी ती लावून ठेवणे प्राप्त होते, हे ज्याने ठरविले त्याने इंडेक्सचे शास्त्र संगणकावाचून जाणले होते.

उलट, लावून न ठेवलेल्या दफ्तराची काय गत होते, याचा दाखलाही आपल्या इतिहासात आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कागद पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित होते, तरीही वसईच्या मोहिमेविषयी नेमका कागद हवा असलेल्या अभ्यासकाला ते असून नसल्यासारखे होते. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली ते रुमाल सोडून, वाचून, निवडून १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांचे ४५ खंड छापले गेले, तेव्हा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयापर्यंतच्या हकिकती सामान्य वाचकाच्या हाती आल्या. कागद तेच होते. बदलली होती ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट.

संगणकाच्या जगात ही वाट शास्त्रशुद्ध केली ती दोन शोधांनी. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली एक निबंध प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले, की माहिती साध्या टेबलांत ठेवावी आणि मागणाऱ्याने काय हवे ते फक्त सांगावे; ते कसे शोधायचे याचा निर्णय प्रणालीने घ्यावा. त्याच सुमारास बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बी-ट्री नावाची रचना सिद्ध केली, जी आजही बहुतेक साऱ्या व्यावसायिक डेटाबेसांतील इंडेक्सचा पाया आहे. तिचे सामर्थ्य साध्या गुणाकाराने कळते. इंडेक्सच्या एका पानात तीनशे नोंदी मावत असतील आणि प्रत्येक नोंद पुढच्या एका पानाकडे बोट दाखवीत असेल, तर तीन पायऱ्यांत तीनशे गुणिले तीनशे गुणिले तीनशे, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही गाळ्याची जन्मभराची बिले या तीन पायऱ्यांत सामावतील. जी प्रणाली तीन पाने उघडून उत्तर देऊ शकते, तिला आपण लक्षावधी ओळी वाचायला लावतो आणि मग तिला मंद म्हणतो, हा तिच्यावर अन्याय आहे.

परंतु कॉडने जे स्वातंत्र्य प्रणालीला दिले, त्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. कसे शोधायचे हे प्रणाली ठरविते, तेव्हा ती कोणत्या टेबलात किती ओळी आहेत, कोणत्या रकान्यात किती भिन्न मूल्ये आहेत, याचा अंदाज घेऊन ठरविते. आयबीएममध्येच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलेली ही खर्चाच्या अंदाजाची पद्धत आजही प्रचारात आहे. हा अंदाज जुना झाला की मार्गही चुकतो. म्हणूनच प्रत्येक प्रमुख डेटाबेसमध्ये एक्झिक्यूशन प्लॅन पाहण्याची सोय ठेवलेली असते, ज्यात प्रणालीने कोणती वाट धरली, किती ओळी तपासल्या आणि किती उपयोगी पडल्या, हे उघड लिहिलेले असते. दहा ओळी हाती येण्यासाठी दहा लाख ओळी तपासल्या गेल्या असतील, तर रोगाचे निदान तेथेच झाले. हा कागद वाचणे फारसे कठीण नाही, पण माझ्या अनुभवात यंत्र विकत घेण्याचा निर्णय होण्यापूर्वी तो वाचला गेल्याचे उदाहरण विरळाच.

एक औषध लागू पडले म्हणून ते वाटेल तेवढे घ्यावे असे नव्हे. त्याच गाळ्यात पुढल्या महिन्यात एका उत्साही तरुण तंत्रज्ञाने, इंडेक्सने वेग वाढतो हे पाहून, बिलांच्या टेबलातील जवळजवळ प्रत्येक रकान्यावर इंडेक्स बांधला, आणि बिल शोधणे जितके शीघ्र झाले होते तितकेच बिल जतन करणे जड होऊन बसले. याचे कारण उघड आहे. कीर्दीत एक ओळ लिहिली की ती जितक्या खतावण्यांत आहे तितक्या खतावण्यांत पुन्हा लिहावी लागते; बारा खतावण्या ठेवणाऱ्या पेढीचा मुनीम लिहिण्यातच दिवस घालवील. शिवाय महिनाअखेरीचा असा एखादा अहवाल, ज्याला साऱ्या ओळी वाचणे अपरिहार्यच असते, त्याला इंडेक्सचा लाभ नाही. तो रात्री चालवावा, किंवा मूळ डेटाबेसच्या वेगळ्या प्रतीवर चालवावा, हेच उचित. म्हणून कोणते प्रश्न रोज शंभर वेळा विचारले जातात आणि कोणते महिन्यातून एकदा, याची नोंद ठेवून त्याप्रमाणे इंडेक्स बांधणे हा खरा विवेक, आणि हा विवेक बाजारात विकत मिळत नाही, तो ज्याचा धंदा आहे त्यालाच करावा लागतो.

मंदगतीचे दुसरे कारण अधिक सूक्ष्म असते, कारण त्यात प्रत्येक प्रश्न स्वतः अतिशय जलद असतो. एका पतसंस्थेत दिवसअखेरीचे काम रात्री उशिरापर्यंत चाले आणि तिथले हिशेबनीस काका घरी पोहोचेतो जेवणे उरकलेली असत. प्रणाली तिथे प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्रपणे आधी शिल्लक विचारी, मग व्याजदर, मग मागील नोंद. समजा बारा हजार खाती आहेत आणि सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये असल्यामुळे प्रत्येक जाण्यायेण्याला वीस मिलिसेकंद लागतात, तर छत्तीस हजार खेपांचे केवळ प्रवासाची बारा मिनिटे होतात, कामाचा वेळ वेगळाच. जो शिपाई दफ्तरखान्यातून एकेक कागद एकेका खेपेला आणतो, त्याच्या पायांना दोष देऊन काय उपयोग? त्याला यादी द्यावी आणि सारे कागद एका खेपेत आणावयास सांगावे. कॉडच्या निबंधाचा गाभाच हा होता, की एकेक नोंद मागण्याऐवजी नोंदींचा संच मागावा; आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटूनही आपल्या प्रणाली लिहिणारे तो गाभा विसरतात, ही खेदाची गोष्ट आहे.

नवे यंत्र केव्हाही घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. संगणकाच्या स्मृतीतून माहिती वाचण्यास सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात. हा काळ ताणून एक सेकंद मानला, तर आजच्या एसएसडीवरून, म्हणजे फिरणारा भाग नसलेल्या साठ्यावरून, तीच माहिती आणण्यास साधारण सतरा मिनिटे लागतील, आणि मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कला नुसत्या एका फेऱ्यासाठी जवळजवळ एक अहोरात्र लागेल. म्हणून रोज वापरात येणारी माहिती जर स्मृतीत मावत नसेल, तर स्मृती वाढविणे आणि फिरती डिस्क बदलणे यांवर केलेला खर्च योग्यच होय. परंतु आधी किती माहिती खरोखर वापरात येते हे मोजावे, मग खरेदी करावी. ज्या प्रणालीला तेरा वर्षांची बिले प्रत्येक वेळी चाळावी लागतात, तिला स्मृती कितीही दिली तरी अपुरीच पडणार.

तिसरे कारण गर्दीचे आहे, आणि ते विरार लोकलच्या प्रवाशाला समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. टेलिफोन केंद्रांतील रांगांचा अभ्यास कोपनहेगनच्या ए. के. एरलांग यांनी १९०९ साली ज्या गणिताने आरंभिला, त्याच्या अगदी साध्या रूपातून असे निघते, की सेवा देणारा निम्मा वेळ व्यग्र असेल तर आलेल्याला एकूण सेवेच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के व्यग्र असेल तर पाचपट. ९० टक्के असेल तर दसपट. आणि ९५ टक्क्यांवर वीसपट. म्हणजे अखेरच्या थोड्याशा भाराने होणारी हानी सर्वांत मोठी असते, आणि तो थोडासा भार बाजूला सारल्याने होणारा लाभही तितकाच मोठा. ही गोष्ट ज्यांना फार मोठ्या प्रमाणावर अनुभवावी लागली, त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर विवरणपत्राच्या २० तारखेला पोर्टलवर जी झुंबड उडे, तिचा ताप या पट्ट्यातील प्रत्येक गाळेधारकाने आणि त्याच्या कर सल्लागाराने सोसला आहे. जानेवारी २०२० मध्ये सरकारने मुदतच विभागली: ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना २० तारीख, आणि त्याखालील उलाढालीच्या करदात्यांना राज्यांच्या दोन गटांप्रमाणे २२ व २४, ज्यात महाराष्ट्राच्या वाट्याला २२ आली. यंत्रांची क्षमता वाढविण्याचे कामही पुढे झालेच. पण एका तारखेची गर्दी तीन तारखांवर वाटण्यास एक हुकूम पुरला. त्याचप्रमाणे १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआयवर एका अ‍ॅपमधून दिवसाला पन्नासपेक्षा अधिक वेळा शिल्लक विचारता येणार नाही आणि आपोआप जाणारे हप्ते गर्दीच्या वेळेबाहेर जातील, असे ठरविण्यात आले. निष्कारण विचारलेले प्रश्न कमी करणे हादेखील वेग वाढविण्याचाच मार्ग आहे. आपल्या पातळीवर याचा अर्थ इतकाच, की भर दुपारी बिले निघत असताना मालकांनी वार्षिक विक्रीचा अहवाल मागू नये, आणि प्रणालीने तो तेव्हा देऊ नये.

आता एका मोहाविषयी सावध करणे मी कर्तव्य समजतो. डेटाबेस प्रत्येक व्यवहार पक्का करताना तो डिस्कवर खरोखर लिहिला गेल्याची खातरजमा होईपर्यंत थांबतो, आणि हे थांबणे काढून टाकण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. काढले की आकडे एकदम सुधारतात आणि बसविणारा शाबासकी मिळवून जातो. परंतु त्या क्षणी वीज गेली तर पक्की समजलेली नोंद नाहीशी होते. ज्या वसई-विरारमध्ये जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत रूळ पाण्याखाली गेले आणि अनेक वस्त्यांची वीज खंडित झाली, जिथे उन्हाळ्यातही वीज जाणे नित्याचे आहे, तिथे असा वेग विकत घेणे म्हणजे पक्की वही सोडून पाटीवर हिशेब लिहिणे होय. व्यवहार एकतर पूर्ण घडावा किंवा मुळीच घडू नये, आणि घडलेला कधीही पुसला जाऊ नये, या तत्त्वाला शास्त्राचे रूप देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे. पतसंस्थेच्या खातेदाराचा इतबार त्या एका मिलिसेकंदाच्या थांबण्यावर उभा आहे. तेथे काटकसर नको.

जुन्या नोंदींचे काय करावे, हाही प्रश्न येतोच. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे आणि वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. परंतु जपून ठेवणे म्हणजे रोजच्या मेजावर ठेवणे नव्हे. पूर्वी दिवाळीला नवी वही घालीत आणि जुनी वही फडताळात जाई, हवी तेव्हा काढता येई. त्याच रीतीने मागील वर्षांच्या नोंदी स्वतंत्र विभागात वा स्वतंत्र टेबलात नेण्याची व्यवस्था आज सहज करता येते, आणि ती वर्षअखेरीच्या कामांच्या यादीत सक्तीने असली पाहिजे.

तेव्हा करावे काय, हे थोडक्यात सांगतो. नवा सर्व्हर घेण्याची दरखास्त समोर आली की मालकाने वा संचालक मंडळाने प्रथम एक कागद मागावा: सर्वांत अधिक वेळ खाणाऱ्या दहा क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारले जाणारे प्रश्न, कोणत्या, त्या दिवसातून किती वेळा चालतात, आणि प्रत्येकीत किती ओळी तपासून किती मिळतात. हा कागद जो देऊ शकत नाही, त्याच्या सल्ल्याने एक रुपयाही खर्च करू नये. वार्षिक देखभालीच्या करारात केवळ "सेवा पुरविली जाईल" असे मोघम कलम न ठेवता, संस्थेच्या प्रत्यक्ष नोंदींवर, नमुन्याच्या पाच-पन्नास ओळींवर नव्हे, अमुक काम अमुक सेकंदांत व्हावे, असे लिहून घ्यावे. आणि नवे नाव, नवा माल, नवे खाते नोंदविण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याची जबाबदारी लेखी ठरवावी. डिसोझा-डिसोजाचा घोळ तिथेच थांबतो.

याला माणूस लागतो, आणि एकेकट्या गाळ्याला असा जाणकार ठेवणे परवडत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु सहकार हा या भूमीला अपरिचित नाही. १९१८ साली, जेव्हा येथील बागायतदारांना पत नव्हती, तेव्हा बॅसीन कॅथॉलिक बँकेच्या रूपाने लोकांनी ती एकत्र येऊन निर्माण केली, आणि ती संस्था शतक ओलांडून उभी आहे. त्याच न्यायाने एका औद्योगिक वसाहतीतील वीस-पंचवीस गाळ्यांनी मिळून डेटाबेस जाणणारा एक माणूस नेमावा, जो महिन्यातून एकदा प्रत्येक गाळ्यात जाऊन तो दहा क्वेऱ्यांचा कागद तयार करील. तो यंत्र विकणारा नसावा, एवढीच अट. वसईच्या विद्यावर्धिनी आणि विरारच्या विवा यांसारख्या संस्थांतून दरवर्षी संगणकशास्त्र शिकून मुले बाहेर पडतात. त्यांना परीक्षेपुरत्या पाच ओळींच्या टेबलांवर क्वेऱ्या लिहायला न लावता, नावे झाकलेल्या खऱ्या बिलांच्या लाखो ओळी देऊन त्यांचा एक्झिक्यूशन प्लॅन वाचायला शिकविले, तर शिक्षण आणि उद्योग या दोहोंचे कल्याण होईल. आणि स्थानकापासून रिक्षाने पाव तासावर असलेल्या गाळ्यांत काम मिळत असता त्यांतील काहींना रोज चर्चगेटची वाट धरावी लागणार नाही.

परवा त्या गाळ्यात पुन्हा जाण्याचा योग आला. ताईंच्या मेजामागच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या खाली, हाताने लिहिलेला एक कागद चिकटविला होता: नवी पार्टी टाकण्यापूर्वी जीएसटी क्रमांकाने आधी शोधावी, नाव त्या नोंदणीत आहे तसेच लिहावे, मेसर्स लावू नये. हा नियम त्यांना मी सांगितला नव्हता. दोन दिवस नावे शुद्ध करीत बसल्यावर त्यांना तो स्वतःच सुचला होता, आणि नव्या सर्व्हरच्या किमतीशी तुलना करता त्याला लागलेला खर्च एका कागदाचा होता. फाटकाशी तोच टेम्पो उभा होता. चालक खाली उतरलाही नव्हता. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने बिल घेतले, घडी घालून खिशात ठेवले आणि महामार्गाच्या दिशेने गाडी वळविली.